रेहान, रय्यान, झैद, अयान की समीर? भाच्याच्या नावासाठी केलेली तुलना

बहिणीचे दिवस भरत आलेत. मागच्या आठवड्यात तिने व्हॉट्सअपवर पाच नावं टाकली आणि खाली एकच ओळ, "भाई, तू नऊ वर्षं दोह्यात काढलीस ना, आता सांग यातलं कुठलं." मुलगा की मुलगी ते कोणालाच माहीत नाही, विचारणंही गुन्हा आहे, त्यामुळे मुलींची लिस्ट वेगळी आहे आणि ती अम्मी आणि बहिणीच्या सासूबाई या दोघींच्या मधे अडकलीय, तिकडे मी फिरकत नाही. मुलाची लिस्ट अशी: रेहान, रय्यान, झैद, अयान, आणि पाचवं समीर, जे अम्मीने घुसवलंय.

मी काही आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार वगैरे नाही हे आधीच सांगतो. गावच्या मदरशात कुराण वाचायला शिकलो, अर्थ तेव्हा कोणी सांगितला नाही, आणि बोलायची अरबी शिकलो ती कतारच्या दोह्यातल्या गोडाऊनमध्ये, इजिप्तच्या आणि जॉर्डनच्या लोकांबरोबर माल मोजता मोजता. पण तिथे एक गोष्ट पक्की कळली, की अरबी शब्दाच्या पोटात बहुतेक वेळा तीन अक्षरांचं मूळ असतं आणि ते एकदा सापडलं की नावाच्या अर्थाबद्दल कोणी थापा मारू शकत नाही. म्हणून पाचही नावं मी मुळापासून तपासली. नावांच्या साइटवर जाऊन फायदा नाही, तिथे प्रत्येक नावाचा अर्थ "देवाची देणगी", "राजा" नाहीतर "शूर" यातलाच एक असतो, मग नाव कुठलंही असो.

अर्थाला एवढं कशाला धरून बसायचं असं बहिणीचा नवरा म्हणतो. त्याला मी बुखारीतली, म्हणजे हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) संग्रहातली गोष्ट सांगितली. एक माणूस पैगंबरांकडे आला, नाव हझ्न, म्हणजे खडबडीत, कठीण जमीन. पैगंबर म्हणाले तू सहल हो, म्हणजे सपाट, सोपी जमीन. तो म्हणाला बापाने ठेवलेलं नाव मी बदलणार नाही. त्याचा नातू सईद इब्न अल-मुसय्यब पुढे मदिनेतला फार मोठा विद्वान झाला आणि तो सांगायचा की तेव्हापासून आमच्या घराण्यातला तो कठीणपणा काही गेला नाही. मेहुण्यांनी ऐकून घेतलं, हसले, आणि म्हणाले मग अब्दुल्लाच ठेवू या. आता अल्लाहला सगळ्यात आवडणारी नावं म्हणून हदीसमध्ये अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही दोनच आलीत हे खरं, पण त्यांच्याच घरात आत्ता तीन अब्दुल्ला आहेत, जेवायला एकाला हाक मारली की तिघं ताट घेऊन येतात.

तर सुरुवात अयानपासून, कारण ते मला बाद करायचंय.

अयान सर्च केलंत की अर्थ येतो देवाची देणगी. अरबीत देणगीला हिबा म्हणतात, अता म्हणतात, अताउल्ला त्यातूनच आलं, अयानचा त्यांच्याशी काही संबंध नाही. अयानच्या जवळपासचे अरबी शब्द मला तीन सापडले. पहिला आयान, हे ऐनचं अनेकवचन. ऐन म्हणजे डोळा, आणि लोकांच्या डोळ्यात भरणारी बडी मंडळी म्हणजे आयान. जॉर्डनच्या संसदेचं वरचं सभागृह आहे त्याचं नावच मजलिस अल-आयान, तिथले सगळे मेंबर राजा नेमतो. माझ्या जॉर्डनवाल्या दोस्ताला मेसेज करून विचारलं, भाच्याचं नाव अयान ठेवलं तर कसं वाटेल? त्याचं उत्तर, "एवढ्या लहान वयात राजाने नेमला?" दुसरा शब्द इयान, डोळ्यांनी प्रत्यक्ष बघणं. आणि तिसरा अय्यान, हा कुराणात खरोखर आहे, आणि "अहो हे कुराणातलं नाव आहे" असं जे छातीठोक सांगतात ते बहुतेक यालाच धरून बोलत असतात, पण त्याचा अर्थ आहे "कधी". कयामतचा दिवस कधी येणार म्हणून लोक विचारतात, तिथला कधी. सूरह कियामा, म्हणजे कुराणातला त्या नावाचा अध्याय, त्याची सहावी आयत उघडून बघा. आता पोराचं नाव कोणी "कधी" ठेवतं का? मजा म्हणजे मराठीत आपण ऐन वेळी, ऐन उन्हात म्हणतो ना, ते ऐन त्याच अरबी डोळ्यातून आलंय.

बरं, अयानमध्ये अजून गुंता आहे. संस्कृतात अयन म्हणजे जाणं, मार्ग, उत्तरायण दक्षिणायन त्यातलंच, म्हणून बंगाल्यांत अयन आणि अयान दोन्ही दिसतात. सोमालियात अयान हे मुलींचं नाव आहे, अर्थ नशीब. आपल्याकडे सरोदवादक अमान आणि अयान अली बंगश या भावांमुळे हे नाव बऱ्याच लोकांच्या कानावर गेलं होतं, पण तेव्हा ते वेगळं वाटायचं. आता बहिणीच्या एका बिल्डिंगमध्ये तीन अयान आहेत, त्यातला एक हिंदू, आणि तिघांची स्पेलिंग तीन. ऐकायला गोड आहे, कोणत्याही धर्माच्या घरात खपतं, परदेशात कोणाची जीभ अडखळत नाही, हे सगळे प्लस पॉइंट मला मान्य आहेत, आणि तुम्हाला फक्त आवाज हवा असेल तर बिनधास्त ठेवा. पण अरबी नाव म्हणून, अर्थ बघून ठेवायचं असेल तर यात धड पकडायला काही हाती लागत नाही.

समीरचं उलट आहे. अर्थ स्वच्छ आणि तोही डबल. अरबीत समर म्हणजे रात्रीच्या गप्पा, दिवसभराचं ऊन उतरल्यावर तंबूबाहेर बसून मारलेल्या, आणि त्या गप्पांत सोबत करणारा तो समीर. संस्कृतात समीर म्हणजे वारा. दोन भाषांना एकमेकींची खबर नसताना एकच नाव तयार झालं, असं फार थोड्या नावांचं होतं. माझ्या वर्गात दोन समीर होते, एक आमच्या मोहल्ल्यातला आणि एक वरच्या आळीतला, मास्तर हजेरी घेताना आडनावाने हाक मारायचे म्हणून गोंधळ व्हायचा नाही, आणि दोघंही एकमेकांना "तू वारा, मी गप्पा" असं काही म्हणायचे नाहीत कारण अर्थ दोघांनाही माहीत नव्हता. लेबनॉनमध्ये ख्रिश्चन लोकांतही समीर भरपूर आहेत. म्हणजे हे नाव घालून माणूस कुठेही गेला तरी त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही, आणि आजकाल हा केवढा मोठा गुण आहे हे मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही विचारा.

पण समीरची अडचण एकच, ती म्हणजे वय. माझ्या ओळखीतले सगळे समीर चाळिशी ओलांडलेले आहेत, केस विरळ, गुडघे दुखतायत. अम्मीला हे नाव स्टायलिश वाटतं कारण तिच्या तरुणपणी ते होतं. नावांचंही कपड्यांसारखंच असतं, आजोबांचं नाव नातवाला शोभतं, बापाच्या मित्रांचं नाव शोभत नाही. अजून वीस वर्षांनी समीर परत येईल असं मला वाटतं, आत्ता नाही. बहिणीने तर हे नाव वाचून नुसता तोंड वाकडं केलेला इमोजी पाठवला.

आता राहिले तिघं, आणि खरी चुरस यांच्यातच आहे.

रय्यानचं मूळ पाण्यात आहे. रे, वाव, ये हे त्याचं मूळ, अर्थ तहान भागणं, पोटभर पाणी मिळणं. अरबीत तहानलेला तो अत्शान आणि त्याच्या बरोबर उलट तो रय्यान, तहान भागलेला, टवटवीत, पाणी प्यायलेल्या झाडासारखा. वाळवंटातल्या माणसाला याहून चांगला आशीर्वाद काय देणार. जन्नतच्या एका दरवाजाचं नाव अर-रय्यान आहे, त्यातून फक्त रोजे ठेवणारे आत जाणार आणि ते आत गेले की तो बंद होणार, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दिवसभर तहान सोसलेल्या लोकांसाठी "तहान भागलेला" नावाचा दरवाजा, हे मला मोठेपणी कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. रमझानमध्ये जन्मलेल्या मुलाला रय्यान ठेवतात ते यामुळेच.

याच मुळातून रावी, म्हणजे ऐकलेलं पुढे सांगणारा, आणि रिवायत, म्हणजे सांगत आलेली गोष्ट, हे शब्द आलेत. जुन्या अरबीत पाणी वाहून नेणाऱ्या उंटाला राविया म्हणायचे, मग दुसऱ्याच्या कविता पाठ करून गावोगाव पोचवणाऱ्या माणसालाही तेच म्हणायला लागले, पाणी वाहणारा आणि गोष्ट वाहणारा एकच. दोह्याला चिकटून अल रय्यान नावाचं शहर आहे, २०२२ च्या वर्ल्डकपचं अहमद बिन अली स्टेडियम तिथलंच, आणि कतारमध्ये दुकानात पाण्याची बाटली मागितली तर अनेकदा हातात येते ती रय्यान याच नावाची. नऊ वर्षं मी भाच्याचं होऊ घातलेलं नाव पिऊन रिकाम्या बाटल्या फेकत होतो म्हणा ना. अजून एक गंमत, तबरीसारख्या जुन्या इतिहासकारांनी हजरत युसूफच्या काळातल्या मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाचं नाव रय्यान इब्न अल-वलीद असं दिलंय, म्हणजे नाव जुन्या लोकांच्या ओळखीचं आहे, कालपरवा बनवलेलं नाही.

मग वाईट काय? एक शब्द, रायन. आयरिश रायन वेगळं नाव आहे, ते तिकडच्या आडनावावरून आलं आणि त्यात राजा असा अर्थ सांगतात. आपल्या रय्यानची स्पेलिंग आर-ए-वाय-ए-एन केली की शाळेतली मॅडम पहिल्या दिवशी रायन म्हणणार, दुसऱ्या दिवशी रायन म्हणणार, आणि तिसऱ्या दिवसापासून पोरगा स्वतःच रायन म्हणून ओळख करून देणार. फ्रान्समध्ये उत्तर आफ्रिकेतून गेलेल्या घरांत हे नाव याच कारणामुळे खूप चाललं, दोन्हीकडचं वाटतं म्हणून. तुम्हाला तेच हवं असेल, म्हणजे उद्या कॅनडा ऑस्ट्रेलियाला जायचा प्लॅन असेल, तर रय्यान एक नंबर. पण मुंब्र्यात राहून पोराचं नाव रोज दुरुस्त करत बसायची तयारी हवी. दोन वाय टाकून आर-ए-वाय-वाय-ए-एन लिहिलं तर थोडं वाचतं, थोडंच.

रेहान. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

अरबीत उच्चार रैहान, मूळ रे, वाव, बडी हे (अरबीत ह दोन आहेत, घशातला तो बडी हे, साधा तो छोटी हे). त्याच मुळातून रूह, म्हणजे जीव, रीह, म्हणजे वारा, राएहा, म्हणजे वास, आणि राहत, जी आपल्याला माहितीच आहे. जीव, वारा, सुगंध, विसावा सगळं एका घरात. रैहान म्हणजे सुवासिक झाडपाला, आणि आजच्या अरबी बाजारात रैहान मागितलं तर सब्जाची जुडी देतात, तोच सब्जा ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो आणि जो तुळशीच्या खानदानातला आहे. मुंबईत कबरीवर गुलाबाबरोबर सब्जा ठेवतात, आमच्या अब्बांच्या कबरीजवळही आम्ही लावलाय, पावसाळ्यात माजतो नुसता. कुराणात रैहान दोनदा येतो. सूरह रहमानमध्ये धान्याबरोबर, जमिनीने दिलेली देणगी म्हणून, आणि सूरह वाकियात मरणाच्या वेळचं वर्णन आहे तिथे, की जे अल्लाहच्या जवळचे आहेत त्यांच्यासाठी विसावा, सुगंध आणि सुखाची बाग. म्हणजे शेतातही रैहान आणि शेवटच्या घरातही.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती ही, की पैगंबर आपल्या नातवांबद्दल, हसन आणि हुसैनबद्दल म्हणाले होते की ही दोघं या दुनियेतली माझी रैहान आहेत. नातवाला जवळ घेऊन त्याच्या डोक्याचा वास घेणारा नाना डोळ्यासमोर आणा, तो अर्थ. तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास ज्याने घेतलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

नाव जुनं आहे का म्हणाल तर आहे. अल बिरूनी, जो ९७३ मध्ये ख्वारझमला जन्मला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहून गेला, त्याची कुनिया, म्हणजे "अमक्याचा बाप" या धर्तीचं नाव, अबू रैहान होती. पण एक लक्षात ठेवा, तुर्कस्तानात रेहान हे मुलीचं नाव आहे. इंडोनेशियात मुलाचं, बांगलादेशात रायहान म्हणून मुलाचं, आपल्याकडेही मुलाचं. तुर्कस्तानात नोकरीला जायची शक्यता कितपत, म्हणून मी हा मुद्दा सोडून दिला.

जो मुद्दा सोडता येत नाही तो पुढे. आजकाल फॅशनमध्ये रिहान लिहितात. रेहानमध्ये बडी हे आहे, रिहान म्हटलं की कानाला छोट्या हे वालं रिहान ऐकू येतं आणि तो वेगळाच शब्द आहे, मूळ रहन, म्हणजे गहाण. सूरह बकरामध्ये प्रवासात कर्ज दिलं आणि लिहायला कोणी नसेल तर तारण ठेवा असं सांगितलंय, तिथे हाच रिहान आहे. आजच्या अरबीत रिहान म्हणजे पैज, सट्टा. माझ्या इजिप्तवाल्या सुपरवायझरला आमच्यातल्या एकाने मुलाचं नाव रिहान ठेवलं म्हणून पेढे दिले, तो बिचारा पेढा हातात धरून विचारतोय, "कितीची?" एका वेलांटीने पोराची पैज लागली.

झैद. अर्थ वाढ, भर. झे, ये, दाल. या मुळाचा शब्द तुम्ही महिन्यातून दहा वेळा वापरता, जादा. गणपतीला कोकणात एसटीच्या जादा गाड्या सुटतात ना, ती जादा आणि हा झैद सख्खे भाऊ. अरबी लोक बेरीज करताना अधिक म्हणायला झाएद म्हणतात, उत्तरेत रबी आणि खरीप यांच्या मधलं जे जादाचं पीक त्याला झायद म्हणतात, यझीदही त्याच मुळाचं, फक्त करबलात यझीदच्या फौजेने हुसैनना मारलं, त्यामुळे ते नाव आता आपल्यात कोणी ठेवत नाही.

इतिहास बघाल तर या पाचात झैदचं पारडं सगळ्यात जड. पैगंबरांच्या सहाबांपैकी, म्हणजे सोबत्यांपैकी, कुराणात नावानिशी उल्लेख फक्त एकाचा आहे आणि तो झैद इब्न हारिसा, सूरह अहझाब, सदतिसावी आयत. लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, पैगंबरांच्या घरी आला, पुढे सापडलेल्या बापाबरोबर घरी जायचं सोडून पैगंबरांकडेच राहिला, आणि ६२९ मध्ये मूताच्या लढाईत सेनापती म्हणून मारला गेला. दुसरा झैद इब्न साबित, पैगंबरांचा लेखनिक, पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात हाडं, चामडी, खजुरीच्या फांद्या आणि लोकांच्या पाठांतरातून कुराण एकत्र करायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं, तेव्हा तो म्हणाला की यापेक्षा डोंगर हलवायला सांगितला असता तर सोपं गेलं असतं. असल्या दोन माणसांचं नाव.

पण थांबा, झैदची एक वेगळी बाजूही आहे आणि ती कोणी सांगत नाही. अरबी व्याकरणाच्या पुस्तकात उदाहरणाचं वाक्य म्हणून हजार वर्षं एकच वाक्य चालत आलंय, झैदने अम्रला मारलं. कर्ता झैद, कर्म अम्र. मदरशातली पोरं पिढ्यानपिढ्या झैदकडून अम्रला मार खाऊ घालतायत. आणि उर्दू फतव्यांत खरी नावं देत नाहीत म्हणून प्रश्न असा असतो, झैदने आपल्या बायकोला रागात अमुक म्हटलं, आता तलाक झाला की नाही? झैदने बक्रकडून पैसे घेतले आणि परत केले नाहीत. म्हणजे आपला सोम्यागोम्या. मेहुणे ज्यांनी दहा मिनिटांपूर्वी अर्थाचं काय घेऊन बसलास म्हटलं होतं ते इथे एकदम सीरियस झाले, म्हणाले हे असलं काही चालणार नाही. मी म्हटलं अहो ते नाव एवढं घराघरातलं आहे म्हणूनच उदाहरणाला घेतात.

उच्चाराच्या बाबतीत आपण मराठी बोलणारे नशीबवान आहोत, आपला झाडातला झ इथे बरोबर बसतो, झैद लिहिलं की झैदच वाचतात. हिंदीत नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, दिला नाही की जैद होतो. मेहुण्यांच्या मनात मधे झैन आलं होतं, अर्थ शोभा, सौंदर्य, वन डायरेक्शनच्या झैन मलिकमुळे पोरांत फेमस झालेलं, पण तेही हिंदीत नुक्त्याशिवाय लिहिलं की जैन होतं, आणि मग मुंबईत लोक पहिलं नाव कोणतं आणि आडनाव कोणतं हेच विचारत बसतात. इंग्रजीत झैदचे तीन चार प्रकार आहेत, झेड-ए-आय-डी सगळ्यात सोपा. जॉर्डनच्या राजघराण्यातले झैद रआद अल हुसैन, जे २०१४ ते २०१८ संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार उच्चायुक्त होते, ते झेड-ई-आय-डी लिहितात. यूएईत जे झायद चालतं ते पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायद यांच्यामुळे, अबू धाबीच्या एअरपोर्टलाही २०२४ मध्ये तेच नाव दिलं, पण झायद आणि झैद ही दोन वेगळी नावं आहेत, मूळ एक असलं तरी, कागदावर एकाच्या जागी दुसरं टाकू नका.

किती कॉमन आहे कुठलं, हा बहिणीचा मोठा प्रश्न होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार दरवर्षी नावांची यादी काढतं, २०२३ मध्ये जन्मलेल्या मुलांत मुहम्मद पहिल्या नंबरवर आलं, ४,६६१ मुलं, आणि तेही फक्त एका स्पेलिंगची, कारण ते लोक प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतात. आपल्याकडे असलं काही बघायला मिळत नाही, साइटवर जे टॉप हंड्रेड दिसतं ते त्यांच्या पेजवर किती लोक आले यावरचं असतं. त्यामुळे साधा उपाय, ज्या शाळेत घालायचंय तिथल्या ज्युनिअर केजीची हजेरी कोणाकडून तरी ऐकून घ्या. बहिणीने शेजारणीकडून ऐकली. अयान चार, रय्यान दोन, रेहान एक, झैद एक, समीर शून्य. अम्मीचं म्हणणं, बघा, शून्य आहे, म्हणजे युनिक.

कागदाचं थोडं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही, नाव कोरं ठेवून नोंद करता येते आणि वर्षाच्या आत नंतर टाकता येतं, त्यामुळे हॉस्पिटलचा माणूस फॉर्म घेऊन उभा आहे म्हणून घाईत काहीतरी लिहून देऊ नका. माझं स्वतःचं नाव असंच कोणीतरी घाईत लिहिलंय, दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, आणि त्यापायी मी दोह्यात असताना सुट्टीचे तीन आठवडे इथल्या खिडक्यांसमोर घालवलेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळा, पासपोर्ट, लायसन सगळीकडे जन्मतारखेला जन्मदाखलाच लागतो, म्हणजे त्यावर जी स्पेलिंग गेली ती चिकटली. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलंय. बहिणीचं नाव चार अक्षरी, नवऱ्याचं पाच, आडनाव कोकणातलं गावावरून पडलेलं भलंमोठं. पुढे मोहम्मद जोडलं तर नाव फॉर्मच्या चौकटीतून बाहेर रस्त्यावर येईल. इथे झैद आणि रेहान दोघांना मार्क जास्त, रय्यान तिसरा.

अजून एक टेस्ट मी सगळ्यांना करायला सांगतो, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून नाव वदवून घ्या, कारण पहिली पाच वर्षं तेच माणूस सगळ्यात जास्त हाक मारणार. आमच्या दादीला बहिणीने फोनवर म्हणायला लावलं. रय्यानचं तिने रायन केलं नाही हे नशीब, रयान केलं. झैदचं जायद केलं, तीनदा सांगूनही जायद. रेहान बरोबर म्हणाली, फक्त घाईत ह गळतो आणि रेआन ऐकू येतं.

तर माझी मतं मी बहिणीला कळवली. अयान नको. समीर अम्मीने नातवंडांच्या पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावं. मूल रमझानमध्ये असतं किंवा तुम्ही बाहेरदेशी सेटल होणार असता तर रय्यान म्हटलं असतं. पहिलं मूल मुलगी आहे आणि आता घरात भर पडतेय म्हणून झैद शोभतं, मेहुण्यांचा फतव्यांचा राग उतरला असेल तर. पण माझं मत रेहानला, अब्बा असते तर त्यांनी नातवाची टाळू हुंगली असती हे त्यातलं एक कारण आहे, आणि ते काही तुलनेत बसत नाही हे मला माहीत आहे.

स्पेलिंग मात्र आर-ई-एच-ए-एन. ई लिहा, आय नको. त्या फॉर्मवर आय पडला की पोरगा गहाण.